घटक ५ : ‘पुट’ हे क्रियापद आणि त्याच्या जोडीला येणारी अव्यये

५.१ प्रास्ताविक



मागील घटकात आपण मराठीतील संयुक्त क्रियापदांचा विचार केला. या घटकात इंग्रजीतील एका अगदी साध्या क्रियापदाकडे वळावयाचे आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात इंग्रजी क्रियापद कशासाठी, अशी शंका आपल्याला येणे स्वाभाविक आहे. एक उदाहरण घेऊ. कार्यालयाच्या फलकावर सूचना लागली आहे : ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ’. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. त्या आधारावर एखादा वाचक ‘सभा ठेवली आहे’ असा अर्थ लावतो आणि ठरल्या वेळी रिकाम्या सभागृहात जाऊन बसतो. मराठीत सभा ठेवणे म्हणजे सभा भरवण्याचे निश्चित करणे. सूचनेत मात्र सभा लांबणीवर टाकल्याचे कळवले आहे. ‘ऑफ’ या लहानशा शब्दाने अर्थ पूर्णपणे उलटा केला, आणि ज्याने फक्त क्रियापद वाचले त्याला तो कळलाच नाही. भाषांतरकाराच्या, लिपिकाच्या, वार्ताहराच्या कामात असा प्रसंग केव्हाही येऊ शकतो.

ही अडचण नवी नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदापुढे अव्यय जोडून अर्थ बदलण्याच्या या प्रथेमुळे परभाषकांना सर्वाधिक त्रास होतो, अशी नोंद केली आहे. या रचनेला आज रूढ असलेले ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच उशिरा, लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकातून प्रचारात आले. ते नाव आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले, असे स्मिथ यांनीच तेथे म्हटले आहे.

अशा रचनांच्या याद्या बाजारातील मार्गदर्शिकांत भरपूर मिळतात. यादी पाठ करण्यास माझा विरोध नाही. पण यादी अर्थ सांगते, अर्थ कसा घडतो ते सांगत नाही. म्हणून आपण एकच क्रियापद घेऊन त्याच्या घडणीत थोडे खोल जाऊ.

५.२ ‘कोठे?’ हा अपुरा राहिलेला प्रश्न

‘तिने पुस्तक ठेवले’ हे मराठी वाक्य पूर्ण आहे. कोठे ठेवले ते सांगितले नाही तरी ऐकणाऱ्याला खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘शी पुट द बुक’ एवढेच म्हणून थांबता येत नाही. ऐकणारा पुढील शब्दांची वाट पाहत राहतो. ‘ऑन द टेबल’, ‘इन द बॅग’, ‘देअर’ असे काहीतरी आल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. म्हणजे ‘पुट’ला कर्ता आणि कर्म यांशिवाय तिसरी एक जागा असते, आणि ती स्थळाने भरावी लागते. मराठीच्या ‘ठेवणे’शी त्याचे नाते शब्दकोशात जेवढे जवळचे दिसते तेवढे रचनेत नाही.

याला एक गमतीदार अपवाद आहे. मैदानी खेळांतील गोळाफेकीला ‘शॉटपुट’ म्हणतात, आणि ‘पुट द शॉट’ एवढे वाक्य चालते. ‘पुट’चा जुना अर्थ ढकलणे, जोराने लोटणे असा होता. तो या खेळाच्या नावात टिकून राहिला आहे.

आता ‘शी पुट द बुक डाउन’ हे वाक्य पाहा. येथे टेबल नाही, पिशवी नाही. केवळ ‘डाउन’ हे क्रियाविशेषण आहे, तरीही वाक्य पूर्ण झाले. तिसऱ्या जागेची मागणी त्या एका शब्दाने भागवली. या घटकातील पुढील सर्व विवेचन या निरीक्षणावर उभे आहे. ‘पुट’ला जोडून येणारे अव्यय म्हणजे क्रियापदाला लावलेली शेपटी नव्हे, क्रियापदाने विचारलेल्या ‘कोठे?’ या प्रश्नाचे ते उत्तर असते. कधी ते उत्तर खरोखरीच्या जागेत असते, कधी काळात, कधी मनात, तर कधी समाजातील मानापमानाच्या पायऱ्यांवर. स्थळाऐवजी रीतही ही जागा भरू शकते. ‘टू पुट इट ब्रीफली’ म्हणजे ‘थोडक्यात सांगायचे तर’. येथे ‘इट’ म्हणजे विचार, आणि तो शब्दांत कसा मांडला ते ‘ब्रीफली’ सांगते. मराठीतही आपण विचार ‘मांडतो’, हे लक्षात घ्या. पाटावर ताट मांडावे, तसा सभेत मुद्दा मांडावा.

५.३ अव्यय कोणाचे : नामाचे की क्रियापदाचे?

मराठी व्याकरणातील आठ शब्दजातींची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या प्रभावाखाली स्थिरावली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ही चौकट आपल्या परिचयाची आहे. त्या सवयीने आपण ‘ऑन’ दिसला की ‘वर’, ‘इन’ दिसला की ‘आत’ असे शब्दयोगी अव्यय शोधू लागतो. परंतु इंग्रजीतील एकच ‘ऑन’ दोन निराळी कामे करतो.

‘शी पुट द कोट ऑन द चेअर’ या वाक्यात ‘ऑन’ खुर्चीशी बांधलेला आहे : खुर्चीवर. ‘शी पुट द कोट ऑन’ या वाक्यात पुढे नाम नाही. येथे तो क्रियापदाचा सोबती आहे : तिने कोट घातला. पहिला शब्दयोगी, दुसरा क्रियाविशेषण. फरक ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. सोबती अव्यय कर्माच्या अलीकडे किंवा पलीकडे, दोन्हीकडे बसू शकते. ‘शी पुट ऑन द कोट’ आणि ‘शी पुट द कोट ऑन’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कर्म सर्वनाम असेल तर मात्र ते मध्येच आले पाहिजे : ‘शी पुट इट ऑन’. ‘तिने तो घातला’ या अर्थाने ‘शी पुट ऑन इट’ असे कोणी म्हणत नाही. शिवाय बोलताना सोबती अव्ययावर आघात पडतो, शब्दयोगीवर सहसा पडत नाही. इंग्रजी बातम्या ऐकताना याकडे कान द्या. डोळ्यांना न दिसणारा भेद कानांना चटकन कळतो.

या कसोटीचे महत्त्व एका जोडीवरून स्पष्ट होईल. ‘दे पुट हिम अप फॉर अ मंथ’ आणि ‘दे पुट अप विथ हिम फॉर अ मंथ’. शब्द जवळपास तेच आहेत. पहिल्या वाक्यात कर्म मध्ये आहे : त्यांनी त्याला महिनाभर आपल्या घरी ठेवून घेतले. दुसऱ्यात ‘अप’नंतर ‘विथ’ आले आणि ‘हिम’ त्या ‘विथ’चे झाले : त्यांनी त्याला महिनाभर सहन केले. पाहुणा तोच असण्याची शक्यता नाकारता येत नाही, पण भाषांतर एकच करून चालणार नाही. तीन शब्दांच्या अशा रचनेत कर्म नेहमी शेवटी येते. मध्ये सरकत नाही.

५.४ एक ‘पुट ऑन’, अनेक मराठी क्रियापदे

‘ऑन’चा गाभा स्पर्शाचा, चिकटून असण्याचा आहे. कपडा अंगाला लागतो, म्हणून ‘पुट ऑन’. दिवा चालू होतो, म्हणजे विजेच्या प्रवाहाशी जोडला जातो. तोही ‘पुट ऑन’. वजन अंगावर चढते, चेहऱ्यावर खोटा भाव चढवला जातो, नाटक रंगमंचावर येते. सर्वत्र तेच दोन शब्द.

मराठीत काय होते पाहा. सदरा घालतात, साडी नेसतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, चष्मा लावतात. दिवाही लावतात. वजन मात्र लावत नाहीत, ते वाढते. खोट्या भावाचा आव आणतात, आणि नाटक रंगभूमीवर आणतात किंवा सादर करतात. इंग्रजीत क्रियापद स्थिर राहते आणि अव्यय दिशा देते. मराठीत कर्म बदलले की क्रियापदच बदलते. वस्त्र अंगाभोवती कसे येते, गुंडाळून, अडकवून की ओढून, याची नोंद आपले क्रियापद ठेवते. आपल्या भाषेची ही श्रीमंती इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या भाषांतरकारावर जबाबदारी टाकते. ‘शी पुट ऑन अ सारी’चे ‘तिने साडी घातली’ हे भाषांतर आज पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. ते चूकच आहे असा आग्रह धरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ‘नेसणे’ हा शब्द आपल्याजवळ असताना तो इंग्रजीच्या सोयीसाठी विसरण्याचे कारण मला दिसत नाही.

यातून एक कार्यपद्धती हाती येते. अर्थ ठरवताना अव्ययाच्या पाठोपाठ कर्म पाहावे. ‘पुट ऑफ’चे कर्म घटना असेल, जसे सभा, परीक्षा, लग्न, तर ती लांबणीवर पडली. कर्म माणूस असेल, जसे ‘द स्मेल पुट मी ऑफ’, तर त्याचे मन त्या गोष्टीवरून उडाले. कर्म दिवा असेल तर तो बंद केला. ‘ऑफ’चा अर्थ तिन्हीकडे एकच : अलग होणे, दूर जाणे. घटना आजपासून दूर गेली, मन वस्तूपासून दूर गेले, दिवा विजेपासून अलग झाला.

‘डाउन’चेही तसेच. ओझे खाली ठेवणे, बंड मोडून काढणे, कागदावर लिहून ठेवणे, चारचौघांत कोणाचा पाणउतारा करणे, असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या जनावराला दयेपोटी मरण देणे, हे सारे ‘पुट डाउन’च्या कक्षेत येते. मराठीतील ‘पाणउतारा’ आणि इंग्रजीतील ‘डाउन’ या दोहोंत खाली उतरण्याची कल्पना आहे, हे सहज जाता जाता नोंदवून ठेवा. ‘ठेवणे’चा एक चमत्कार येथेच सांगण्याजोगा आहे. बारशाला मुलाचे ‘नाव ठेवतात’ आणि दुसऱ्याला ‘नावे ठेवतात’. इंग्रजीत अव्यय बदलून जे साधते ते आपण येथे केवळ अनेकवचनाने साधले आहे.

सर्वच अर्थ असे उलगडतात असे मात्र समजू नका. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे ‘अप’ आणि ‘विथ’ यांच्या अर्थांची बेरीज करून कोणालाही काढता येणार नाही. मराठीतील ‘हात टेकणे’चा अर्थ जसा परभाषकाला शिकावाच लागतो, तसा तो शिकावा लागतो.

५.५ पुढे की मागे?

आता या घटकातील सर्वांत फसवा भाग. मराठीत सभा ‘पुढे ढकलली’ म्हणजे ती नंतर होणार. क्रियाविशेषण अधिक क्रियापद, म्हणजे रचना अगदी इंग्रजीसारखी. म्हणून विद्यार्थी ‘पुढे’साठी ‘फॉरवर्ड’ घालून मोकळा होतो. परंतु ब्रिटिश इंग्रजीत ‘द मीटिंग हॅज बीन पुट फॉरवर्ड टू मंडे’ याचा अर्थ सभा ठरल्या दिवसाआधी, सोमवारी होईल. नंतर होणार असेल तर ‘पुट बॅक’ म्हणतात. म्हणजे आपण ‘पुढे’ म्हणतो तेथे ते ‘बॅक’ म्हणतात.

असे का व्हावे? मराठीच्या या प्रयोगात आपण भविष्याकडे चालत आहोत, अशी कल्पना आहे. वाटेवरची वस्तू आणखी पुढे ढकलली की ती आपल्यापासून लांब जाते, तिच्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. इंग्रजी प्रयोगात आपण उभे आहोत आणि घटना रांगेने आपल्याकडे येत आहेत. रांगेतील एखाद्याला पुढे घेतले की तो आपल्या जवळ येतो. मागे सारले की त्याची पाळी उशिरा येते. दोन्ही चित्रे तर्कशुद्ध आहेत. घोटाळा होतो तो एका चित्रातील शब्द दुसऱ्या चित्रात नेऊन ठेवल्याने.

घड्याळाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा एका बाजूला येतात. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास ‘पुट फॉरवर्ड’ करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ‘पुट बॅक’. आपणही घड्याळ पुढे करणे, मागे करणे असेच म्हणतो. प्रस्ताव किंवा मत ‘पुट फॉरवर्ड’ केले तर ते मांडले, पुढे ठेवले. तेव्हा ‘पुट फॉरवर्ड’ दिसताच पुन्हा कर्माकडे पाहावे : सभा आहे, घड्याळ आहे की मत आहे?

या गोंधळातून भारतीय इंग्रजीने आपल्यापुरती सुटका करून घेतली आहे. ‘पोस्टपोन’ या शब्दात लॅटिनमधील ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे हे घटक आहेत. त्याच्या धर्तीवर आपल्याकडे ‘प्रीपोन’ हा शब्द रूढ झाला. काहींना तो अशुद्ध वाटतो. मला तो घडणीच्या दृष्टीने निर्दोष वाटतो. ‘फॉरवर्ड’ आणि ‘बॅक’ यांच्यापेक्षा तो निःसंदिग्धही आहे.

५.६ ‘धा’ धातू आणि ‘ठेव’

लॅटिनचा उल्लेख आला आहे तर संस्कृतकडेही पाहू, कारण ‘पुट’चा स्वभाव समजण्यास आपल्या नित्याच्या शब्दांतच एक उत्तम नमुना आहे. ‘धा’ या संस्कृत धातूचा अर्थ ठेवणे, धारण करणे. त्याला उपसर्ग लागून किती शब्द झाले पाहा. ‘परि’ म्हणजे भोवती. अंगाभोवती ठेवणे ते परिधान, म्हणजे ‘पुट ऑन’च. ‘नि’ म्हणजे खाली, आत. खाली जपून ठेवलेले ते निधान आणि निधी. ‘सम्’ आणि ‘आ’ लागून समाधान, ‘अव’ लागून अवधान, ‘वि’ लागून विधान, ‘अभि’ लागून अभिधान. धातू एकच, दिशा निरनिराळ्या.

‘निधी’वर थोडे थांबू. बँकेतील रकमेला आपण ‘ठेव’ म्हणतो, इंग्रजीत तिला ‘डिपॉझिट’ म्हणतात. ‘डिपॉझिट’मध्ये लॅटिन ‘दे’ म्हणजे खाली आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे आहे. ‘निधी’मध्ये ‘नि’ आणि ‘धा’. आपल्या ‘ठेव’मध्ये तर उपसर्गही नाही, ठेवले ते ठेव. पैसा जपून ठेवण्याच्या व्यवहारासाठी तीन भाषांनी एकाच कृतीकडे पाहिले.

उपसर्ग आणि इंग्रजी अव्यय यांच्यात फरक आहे तो स्थानाचा. संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी चिकटतो. परंतु वेदभाषेत तो धातूनंतरही येऊ शकतो आणि मध्ये इतर शब्दही येऊ शकतात, हे पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादात स्पष्ट नोंदवले आहे. म्हणजे प्राचीन काळी तेथेही हे शब्द सुटे होते. पुढे ते धातूला कायमचे जोडले गेले. इंग्रजीचा प्रवास उलट दिशेने झाला. जुन्या इंग्रजीत क्रियापदाआधी जोडलेली अव्यये विपुल होती. ‘अंडरस्टँड’, ‘ओव्हरकम’, ‘विदस्टँड’ हे त्यांचे अवशेष. पुढे ती सुटून क्रियापदाच्या मागे जाऊन उभी राहिली. ‘इनपुट’, ‘आउटपुट’ या नामांत ती अजूनही आधीच येतात.

मराठीने तिसरी वाट धरली, तिचा परिचय आपल्याला मागील घटकात झाला आहे. आपण क्रियापदामागून अव्यय न आणता दुसरे क्रियापद आणतो : लिहून ठेवणे, लिहून घेणे, लिहून टाकणे, लिहून देणे. ‘पुट डाउन’, ‘नोट डाउन’ यांसाठी ‘लिहून ठेवणे’, ‘टिपून घेणे’ हे नेमके प्रतिशब्द आहेत; ‘खाली लिहिणे’ नव्हे. सोबत ‘मागे घेणे’, ‘बाजूला ठेवणे’, ‘पुढे करणे’ अशा रचनाही आपल्याकडे आहेतच. भाषांतर करताना प्रथम या दोन भांडारांत शोध घ्यावा. तत्सम शब्दाकडे नंतर वळावे. ‘पुट ऑफ’ घरगुती संभाषणात असेल तर ‘लांबणीवर टाकणे’ किंवा ‘पुढे ढकलणे’ शोभते. ‘पोस्टपोन’ परिपत्रकात असेल तर ‘स्थगित करणे’ किंवा ‘तहकूब करणे’.

५.७ कार्यालयीन मराठीतील ‘पुटअप’

शेवटी आपल्या परिसरातील एक उदाहरण. शासकीय कार्यालयांत ‘फाइल पुटअप करा’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. वरिष्ठांपुढे निर्णयासाठी सादर करणे हा ‘पुट अप’चा अर्थ भारतीय प्रशासनात रुजलेला आहे, इंग्लंडमधील सामान्य वाचकाला तो चटकन उमगणार नाही. तेथे ‘पुट अप’ म्हणजे भिंतीवर सूचना लावणे, छत्री उघडणे, भाडे वाढवणे, पाहुण्याला ठेवून घेणे. ‘अप’चा अर्थ दोन्हीकडे वर असाच, आपल्याकडे तो अधिकाराच्या उतरंडीतील ‘वर’ झाला, एवढेच.

मराठीत येताना या रचनेचा स्वभाव बदलतो, हे अधिक लक्षणीय. इंग्रजीत ‘पुट द फाइल अप’ अशी फोड होऊ शकते. मराठीत ‘पुटअप’ हा अखंड शब्द झाला, आणि काळ, पुरुष, वचन यांचा भार ‘करणे’ने उचलला : पुटअप केली, पुटअप करीन, पुटअप करावी. ‘बॅकअप घेणे’, ‘लॉगइन करणे’, ‘फॉलोअप घेणे’ यांची घडण हीच. बोलण्यात हे शब्द राहतील. लेखी टिप्पणीत मात्र ‘सादर करणे’ हा शब्द सर्वांना कळणारा आणि कमी जागा घेणारा आहे.

५.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पुढील वाक्यांचा मराठी अनुवाद करा. प्रत्येक ठिकाणी अव्यय नामाचे आहे की क्रियापदाचे, ते कसोटी लावून सांगा :
(अ) ही पुट द लॅम्प आउट. (आ) ही पुट द लॅम्प आउट ऑन द व्हरांडा. (इ) शी पुट ऑन हर ग्लासेस अँड पुट डाउन द ॲड्रेस.

सूचना : (अ) आणि (आ) या दोन्ही वाक्यांत दिवा आणि ‘आउट’ आहे, पण एकात दिवा विझतो आणि दुसऱ्यात तो घराबाहेर येतो. हा भेद कोणत्या शब्दांमुळे ठरला ते लिहा.

२. ‘परीक्षा एक आठवडा पुढे ढकलली आहे’ हे वाक्य ‘फॉरवर्ड’ न वापरता, ‘पुट’ वापरून इंग्रजीत दोन प्रकारे लिहा.

३. ‘ठेवणे’ दुसऱ्या स्थानी असलेली पाच संयुक्त क्रियापदे आपल्या बोलीतून गोळा करा. त्यांपैकी कोणत्या क्रियापदांत वस्तू प्रत्यक्ष ठेवली जाते आणि कोणत्यांत केवळ कृतीचा परिणाम टिकून राहतो?

४. आपल्या कामाच्या ठिकाणी आलेले एखादे इंग्रजी पत्र घ्या. त्यातील क्रियापद आणि अव्यय यांच्या जोड्या अधोरेखित करून, प्रत्येकीसाठी बोलीतील एक आणि प्रशासकीय मराठीतील एक असे दोन पर्याय लिहा.